नचिकेत्याचा पहिला वर

(श्रावणातील एकादशीस सभामंडपात झालेले प्रवचन, श्रोत्यांच्या आग्रहावरून)



कठोपनिषदाचे निरूपण करणारे आम्ही प्रवचनकार बहुधा घाईत असतो. नचिकेता यमाच्या दारी पोहोचला की आम्हांस तिसऱ्या वराची ओढ लागते. देह पडल्यावर जीवाचे काय होते, हा विषय भव्य खरा, आणि त्यावर बोलताना बोलणाऱ्यालाही आपण मोठे झाल्यासारखे वाटते! पहिला वर मात्र दोन वाक्यांत आटोपला जातो. मीही इतकी वर्षे तेच करीत आलो. आज पहिल्या वरापाशीच थांबावे असे मनात आहे. कारण समोर घरोघरची चौदा ते अठरा वर्षांची मुलेमुली बसली आहेत, आणि तो वर त्यांच्यासारख्याच एका पोराने मागितलेला आहे.

कथा आपणांस ठाऊकच आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला; पण दानात निघाल्या त्या गायी म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. मुलाने हे पाहिले. उपनिषद त्याला कुमार म्हणते. शाळेच्या वरच्या वर्गातला मुलगा समजा. मला कोणाला देणार, असे त्याने वडिलांना एकदा विचारले, दोनदा विचारले. तिसऱ्या वेळी बापाचा तोल सुटला व मुलाला मृत्यूच्या हवाली करण्याचा शब्द त्याच्या तोंडून निघून गेला. मुलाने तो शब्द खरा केला. यम घरी नव्हता; तीन रात्री ते पोर उपाशीपोटी दाराशी बसून राहिले. परत आल्यावर यमाला त्याचे वाईट वाटले, आणि त्या तीन रात्रींबद्दल त्याने तीन वर देऊ केले.

आता पाहा, या मुलाने प्रथम काय मागितले? धन नव्हे, आयुष्य नव्हे, ज्ञानही नव्हे. त्याने मागितले ते एवढेच, की आपण परत जाऊ तेव्हा वडिलांचा राग निवालेला असावा आणि त्यांनी आपल्याला ओळखून जवळ घ्यावे. साक्षात् मृत्यूच्या दारात बसलेल्या मुलाला भय मृत्यूचे नव्हते, घरी परतण्याचे होते.

या वराचा अर्थ मला ग्रंथातून कळला नाही. तो कसा कळला ते सांगतो. हकीकत माझ्याच घरची आहे, म्हणून ती सांगण्यास मी कोणाची परवानगी घेतली असेल तर ती माझ्या मुलाचीच.

तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. गणपतीचे दिवस. आरती झाल्यावर मित्राकडून वही आणतो म्हणून माझी स्कूटर घेऊन गेला. परवाना नव्हता, हेल्मेट खुंटीवर तसेच राहिले होते. हे मला दिसत नव्हते असे नाही. दोन गल्ल्या पलीकडे तर जायचे, म्हणून मी डोळेझाक करीत असे. वळणावर वाळू सांडलेली होती, तेथे चाक घसरले. कोपर खरचटले आणि कानाच्या वर डोके फरशीवर आपटले. क्षणभर त्याला काही सुचेना. मग उठला, गाडी पुसली, घरी येऊन नीट जेवला आणि निजला. कोणाजवळ अवाक्षर बोलला नाही. कारण महिन्यापूर्वी त्याच स्कूटरचा आरसा फुटला तेव्हा चार माणसांदेखत मी त्याला जे बोललो होतो, ते तो विसरला नव्हता.

रात्री दीडच्या सुमारास त्याला ओकारी झाली. आम्ही म्हटले, मोदक बाधले. पुन्हा झाली. डोके धरून बसला, तरी सांगेना. माझ्या आईने त्याचे डोके मांडीवर घेतले तेव्हा तिच्या बोटांना टेंगूळ लागले. तिने इतकेच विचारले, "बाळ, पडलास का रे?" तेव्हा त्याने सांगितले, पण सांगताना शब्द अडखळू लागले होते. रुग्णालयात डॉक्टरांनी सीटी स्कॅन केले. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्या मध्ये रक्त साचत होते. पहाटे शस्त्रक्रिया झाली व परमेश्वरकृपेने मुलगा वाचला. तसाच सकाळपर्यंत निजू दिला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. नीट शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही: "बाबा, तुम्ही रागावलात का?"

मुलांनो, डोक्याच्या माराविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मार लागल्यावर मनुष्य कधीकधी काही तास अगदी चांगला बोलतो, चालतो, जेवतो. आत मात्र रक्त साचत असते. म्हणून "मला काही झाले नाही" या वाक्यावर, ते स्वतःचे असले तरीही, विश्वास ठेवू नये. पुन्हापुन्हा ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी गुंगी, बोलण्यात घोटाळा, झटका, हातापायातील शक्ती जाणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. आणि तुमच्या मित्राला असा मार लागला असेल व तो घरी सांगू नको म्हणत असेल, तर तुम्ही सांगा. ही चुगली नव्हे.

आता वडील मंडळींशी थोडे बोलतो.

नचिकेत्याला प्रश्न का पडला? बापाच्या दानातल्या गायी निकामी होत्या म्हणून. आम्हीही मुलांना रोज अशाच गायी दान करीत असतो. "नीट जा", "जपून चालव", "वाईट संगत धरू नको". ही वाक्ये आमच्या आजोबांच्या वेळेपासून दूध देईनाशी झाली आहेत, आणि मुले ते ओळखतात. बाप स्वतः उघड्या डोक्याने गाडी हाकीत मुलाला शाळेत सोडतो आणि फाटकाशी सांगतो की जपून राहा! यज्ञात उभा राहिलेला तो कुमार हेच पाहत होता.

दुभती गाय द्यायची तर कारणासह द्यावी. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, अर्थात तळमजला व वर एक मजला असलेल्या घराच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. ६० च्या वेगाने आदळणे म्हणजे चौदा मीटरांवरून पडणे. तेथे चार मजल्यांची इमारतही ठेंगणी पडते. त्या गच्चीवरून उडी मार म्हटले तर वर्गातला सर्वांत धाडसी मुलगाही मारणार नाही. स्कूटरवर मात्र तीच उंची डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. शिवाय समोरचे संकट पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात ४० च्या वेगाने गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. आणि हेल्मेट म्हणजे हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट. न बांधलेले पहिल्याच धक्क्याला मालकाला सोडून जाते.

कायद्याचेही ऐकून ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलास गिअरची मोटरसायकल चालविण्याचा अधिकार नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन असे ठरले, की अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. दोन गल्ल्यांची सवलत त्यात कोठे लिहिलेली नाही. मी शोधून पाहिली.

याच उपनिषदात पुढे रथाचे रूपक येते, ते आपण लहानपणापासून ऐकतो: देह हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. आजचे मेंदूशास्त्र याला एक पुस्ती जोडते. ज्या भागांतून आवेग व सुखाची ओढ उठते ते किशोरवयातच जोरात येतात, आणि आवर घालणारा कपाळामागील भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणजे घोडे आधी तरणे होतात, सारथी मागून तयार होतो. मुलगा वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. सारथी अजून उमेदवारी करीत आहे, असा आहे.

आणि त्यात सोबत्यांची भर. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाच्या (नावातच देऊळ आहे!) मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर मोटार चालविण्याचा खेळ. काहींना एकट्याने खेळावयास सांगितले, काहींना मित्रांच्या समोर. मित्र पाहत असताना किशोरांनी कितीतरी अधिक धोके पत्करले; प्रौढांच्या खेळात मात्र मित्रांमुळे फरक पडला नाही. म्हणून मुलांनो, "नाही" हा शब्द चार मित्रांच्या घोळक्यात उभे राहून शोधू नका, तेथे तो सापडत नाही. तो घरी शोधून, तोंडात घोळवून ठेवा. बेत आधी करून ठेवलेला असला की उमेदवार सारथ्यालाही रथ सांभाळता येतो.

गुटख्याचेही असेच. आपल्या मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तेव्हा धंदेवाल्यांनी सुपारीची पुडी वेगळी व तंबाखूची वेगळी करून दोन्ही शेजारी टांगल्या. नुसती सुपारी निरुपद्रवी, असे समजणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरविले आहे. तिने तोंडाचे अस्तर हळूहळू ताठर होते आणि जबडा उघडेनासा होतो. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, हे कोणीही आरशासमोर पाहावे. जात नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. गेलेला लवचीकपणा बहुधा परत येत नाही, पण सवय तेथल्या तेथे सोडली तर पुढचे अनर्थ टळू शकतात. पण मुलगा कोणाला दाखवील? खिशात पुडी सापडताच थोबाडीत मारणाऱ्याला तो तोंड उघडून दाखवील काय?

आपल्या याच इंदूर शहरात ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, एका मंदिरातील जुन्या बावडीवरची फरशी खचली व छत्तीस भाविक प्राणांस मुकले. त्या घरांचे दुःख अजून ताजे आहे, म्हणून मी जपून बोलतो. बावडी बुजवलेली नव्हती, झाकलेली होती. वर बसलेल्यांना खाली पाणी आहे हे जाणवण्याचे कारण नव्हते. भीतीपोटी मुलाने जे घरी सांगितले नाही, ते असेच घराच्या फरशीखाली राहते. आपण त्यावर पाट मांडून जेवत असतो. पडलेला मार असो, पुडी असो, किंवा परीक्षेच्या धास्तीने रात्र रात्र जागणे आणि जगणे नकोसे वाटणे असो. या शेवटच्या गोष्टीसाठी तर २०२२ पासून सरकारचा १४४१६ हा टेलीमानस क्रमांक आहे, तेथे कोणत्याही वेळी माणूस बोलतो. तो मुलांना ठाऊक असावा. परंतु त्या क्रमांकाच्या आधी घरातला एक कान मोकळा असावा, अशी माझी विनंती आहे.

एका गृहस्थांनी मागे मला विचारले, "महाराज, राग सोडला तर मुले शेफारतील, त्याचे काय?" प्रश्न योग्य आहे. पण पहिला वर नीट वाचावा. बापाने कधी जाब विचारू नये, असे नचिकेत्याने मागितले नाही. त्याने मागितले ते परतण्याच्या घटकेपुरते: आधी ओळखावे, जवळ घ्यावे. आणि यमाने तो वर देताना एक गोष्ट आपण होऊन जोडली, की त्या बापालाही यापुढे रात्री सुखाची झोप लागेल. म्हणजे वर मुलाने मागितला, आणि झोप बापाला मिळाली!

आमच्या घरी आता एक संकेत ठरला आहे. मुलाने मोबाईलवर 'प्रसाद' एवढाच शब्द पाठविला, की घरातील जो मोठा मोकळा असेल त्याने तो असेल तेथे जाऊन त्याला घेऊन यावे. वाटेत प्रश्न विचारावयाचा नाही. जाब सकाळी. दोन वर्षांत हा शब्द दोनदा आला. दुसऱ्या वेळी तो स्वतःसाठी नव्हता. त्याच्याबरोबरच्या एकाने मद्य घेतले होते व तो गाडीची किल्ली सोडीत नव्हता. मी गेलो, दोघांना घेऊन आलो. त्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांना मीच कळविले, आणि हेही विनविले की आज रात्री दार उघडताना काही बोलू नका. सकाळी पोहे खाताना माझ्या मुलाशी जे बोलावयाचे ते मी बोललो. ते थोडे नव्हते, आणि त्याने ते ऐकून घेतले.

दुसरा वर अग्निविद्येचा. त्याचा विचार पुढील एकादशीस करू.