गालिच्यावरचे दोन डाग

केजच्या एका मंडपवाल्याकडे अक्षय्य तृतीयेच्या लग्नातून स्टेजवरचा लाल गालिचा परत आला तो दोन डाग घेऊनच. लग्न धारूरच्या घाटाखालच्या गावातलं. मुलीचा बाप ऊसतोडीहून नुकता परतलेला. मंडपाचा इसार त्यानं कारखान्याला निघतानाच, मुकादमाची उचल हातात पडली तेव्हा दिला होता. वर 2000 रुपये अनामत.

मालकानं गालिचा उलगडला आणि पावतीबुकात लिहून टाकलं : अनामत जप्त.

तोवर दुकानातलं पोरगं थिनरचा डबा घेऊन धावलं. थिनर म्हणजे सगळ्या डागांचा बाप, असा आपल्याकडे मंडपापासून गॅरेजपर्यंत समज आहे. त्यानं एका डागावर धार धरली आणि ब्रशनं खसाखसा घासलं. डाग विरघळून तळहाताएवढा पसरला, ब्रश लाल झाला, गालिच्याच्या पाठीचं रबर मऊ पडून धागे सुटायला लागले.

"कशाला घासायलास रं? आधी बघ तर, चिकटलंय काय ते!" मंडप बांधण्यात केस पिकलेले मामा ओरडले.

ते गुडघ्यावर बसले. पसरलेल्या डागाची उरलेली कड नखानं टोकरली. पांढरट, दाबली की वाकणारी. "ह्यो फेविकॉल. ह्याला गरम पाणी पुरतं." कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यांनी त्यावर दाबून ठेवलं. मधे चहा झाला. फडकं उचललं तर फेविकॉल फुगून दुधाळ झालेला. चमच्यानं कडेकडून आत खरवडत त्यांनी तो काढला. रंग गेला तो गेलाच.

दुसरा डाग काचेसारखा कडक. फेविक्विक. त्याला पाणी दाखवून उपयोग नाही, हवेतल्या ओलाव्यानंच ते गोठतं. मामांनी बांगड्यांच्या दुकानातून नेलपॉलिश रिमूव्हर मागवलं, आधी दुमडीतल्या कोपऱ्यावर थेंब टाकून रंग सुटतो का ते पाहिलं, मग कापसाच्या बोळ्यानं नुसतं टिपत राहिले. ओतलं असतं तर त्यानंही पाठीचं रबर खाल्लं असतं. पापुद्रा मऊ झाला, सुटला. शेवटी साबणाचं फडकं.

"मालक," हात पुसत मामा म्हणाले, "नवरा-नवरीच्या नावाची थर्माकोलची अक्षरं कुणी चिकटवली? आपणच ना? मग फेविकॉल पाहुण्याच्या नावावर कसा लावायलाव?"

मालक काही बोलला नाही.

संध्याकाळी मुलीचा बाप आला. अनामतीचं नाव काढायच्या आधीच म्हणाला, "मेव्हण्याची चप्पल तुटली व्हती, स्टेजवरच बसून चिकटवली त्यानं. त्याचं काय असंल ते कापून घ्या."

"निघाला तो डाग. रिमूव्हरचे 30 रुपये झाले, तेवढे घेतो."

बापानं गालिच्याकडं पाहिलं. "आन् ह्यो तळहाताएवढा? ह्यो बी आमच्याच पोरासोरांनी केला असंल."

"न्हाई, त्यो म्या केला," पोरगं मागून म्हणालं. थिनरचा डबा अजून त्याच्या हातातच होता.

मालकानं पावतीबुकातली ओळ खोडली, 1970 रुपये मोजून बापाच्या हातावर ठेवले आणि पोराला म्हणाला, "त्यो डबा रंगाच्या सामानात ठेव. आन् उद्यापास्नं गालिचे मामाबरोबर धुवायचे."