आनंदातली रिकामी जागा



रविवार, ८ ऑगस्ट १९४८. जर्मनीतील कोलोन शहरात युद्धानंतरच्या पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. बॉम्बहल्ल्यांनी शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला होता, तरी सुमारे ७५,००० माणसे मैदानावर जमली. न्युरेंबर्गने कैसर्सलाउटर्नला २-१ असे हरवले. पुढच्याच रविवारी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्या शहराने आपल्या कॅथेड्रलच्या पायाभरणीची सातशे वर्षे साजरी केली. पोळलेल्या माणसांना आनंद हवा होता. त्यात गैर काहीच नव्हते.

पण त्या आनंदात एक जागा रिकामी होती. उपांत्यपूर्व फेरीत न्युरेंबर्गची गाठ पूर्वेकडील प्लानिट्झ संघाशी पडणार होती. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्या खेळाडूंना प्रवासाची परवानगीच दिली नाही. न्युरेंबर्ग न खेळता पुढे गेले. मग त्यांचे विजेतेपद खोटे म्हणायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने दार लावले नाही, त्याच्यावर दार लावल्याचा दोष येत नाही. त्याने एवढेच करावे: आपल्या विजयात न आलेल्या भावाची आठवण ठेवावी.

मात्र आणखी एक जागा रिकामी होती, आणि ती न्युरेंबर्गने स्वतः रिकामी केली होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच या क्लबने आपल्या यहुदी सभासदांची नावे यादीतून काढून टाकली. काल एकत्र बसून टाळ्या वाजवणारी माणसे एका ठरावाने परकी झाली. येथे आठवण पुरेशी नाही. येथे पश्चात्ताप हवा, आणि हिरावलेले परत द्यायला हवे.

क्लबने ते केले, पण २०१३ साली. तोवर ऐंशी वर्षे उलटली होती. मेलेल्या माणसाला सभासदत्व परत देऊन काय उपयोग, असे कोणी विचारील. आपण ख्रिस्ती माणसे मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. मेलेला माणूस देवाच्या दृष्टीने हरवलेला नसतो, हा आपला विश्वास आहे. म्हणून उशिराची भरपाईही व्यर्थ नाही. परंतु तिचे समाधान ज्याला मिळायला हवे होते, तो ते घ्यायला उरला नव्हता, हेही तितकेच खरे. उशीर हासुद्धा एक अन्याय आहे.

आपल्या धर्मग्रामाच्या सणालाही देऊळ भरते, मंडप सजतो, क्रीडास्पर्धा होतात. त्या गर्दीत आपण कधी रिकाम्या जागा मोजतो का? कोणी आजारी आहे, कोणी परदेशी कामाला आहे. त्यांची आठवण ठेवू या, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. पण कोणी जमिनीच्या वादामुळे येत नाही, कोणी आपल्याच एका शब्दाने दुखावलेला आहे, कोणाच्या मुलीच्या लग्नावरून आपण त्या घरी जाणेच सोडले आहे. वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट करण्याची प्रभू येशूची आज्ञा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या आज्ञेत रुसलेल्या भावाने आपल्याकडे यावे असे म्हटलेले नाही. उठून जायला आपल्यालाच सांगितले आहे.

तेव्हा आजची मिस्सा संपल्यावर घरी जाताना वाट थोडी वाकडी करू या. ज्या दारावर वर्षानुवर्षे थाप मारली नाही, ते दार अजून उघडू शकते. आत राहणारा माणूस अजून जिवंत आहे.