सही कुणाची?

ओझरच्या कारखान्यात माझी नोकरी मिग-२१ आणि मिग-२७च्या ओव्हरहॉलवर गेली. विमान आलं की उघडायचं, तडे शोधायचे, बदलायचं ते बदलायचं, नट सैल पडू नये म्हणून लॉकवायर पिळून बसवायची आणि शेवटी कागदावर सही करायची. मिग-२७च्या पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ होती. ती सुटली की सगळं विमान थरथरायचं, उतरतानाच्या दिव्यांच्या काचासुद्धा फुटायच्या. त्यामुळे तोफेच्या आसपासचा पत्रा आम्ही दोनदा बघायचो.

देह जीर्ण झाला की आत्मा तो टाकतो, असं गीता सांगते. आमच्याकडे उलटा कारभार. देह टाकायचा नाही, त्याचं आयुष्य वाढवून घ्यायचं!

मिग-२१ वायुदलात आलं १९६३ साली. उंचावर झेपावून शत्रूचं विमान पाडायचं, हे त्याचं मूळ काम. १९९९च्या मे महिन्यात कारगिलच्या युद्धात त्याला डोंगरमाथ्यावरच्या शत्रूच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकायला लावलं. हवा विरळ, लक्ष्यं सोळा-अठरा हजार फुटांवर, शिवाय नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. वैमानिक हातातलं जीपीएस आणि स्टॉपवॉच बघून बॉम्ब सोडत होते. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७चं इंजिन रॉकेटं डागल्यावर बंद पडलं. त्यांच्या शोधासाठी मागे थांबलेल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्रानं पाडलं. नचिकेता पकडले गेले आणि आठवड्याभरानं परतले. आहुजा परतले नाहीत.

आमच्या शॉपमध्ये एकजण म्हणायचा, आपण काम चोख केलं, फळावर आपला हक्क नाही, पुढचं देव जाणे. मला हे कधी पटलं नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं ते हात झटकायला शिकवण्यासाठी नव्हे. फळाची आस सोडायची म्हणजे बक्षिसाची सोडायची. परिणाम कुणाच्या अंगावर पडणार, हे बघायचं सोडायचं नाही. तो बघायचा नसेल तर लॉकवायर तरी कशाला पिळायची?

आणि परिणाम दोन. वैमानिक परत येणं, हा एक; तो मी मनापासून मागितला. दुसरा, त्या माथ्यावर कुणीतरी मरणं. अर्जुनानं रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करवून समोरचे चेहरे तरी पाहिले. मी रिव्हेट पाहिले. तेवढ्यानं माझा वाटा सुटत नाही. पण कारगिलच्या तोलोलिंग शिखराची उघडी चढण चढणाऱ्या आपल्या पोरांना ‘नवं विमान येईपर्यंत थांबा’ असं कोण सांगणार होतं? म्हणून जुनं विमान पाठवणं हे पाप, असं मी म्हणणार नाही.

माझा राग ‘नशीब’ म्हणणाऱ्यांवर आहे. नव्या विमानाचा निर्णय वर्षानुवर्षं लांबला तर ते नशीब नसतं, ते कुणीतरी केलेलं किंवा न केलेलं कर्म असतं. मिग-२७ डिसेंबर २०१९मध्ये गेलं, मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये. पुढची विमानंही म्हातारी होतील, आणि तेव्हाही फिटर सही करेल. ज्या कामासाठी विमान बनलंच नाही, त्या कामाला ते पाठवायचं ज्यानं ठरवलं, त्याचीही सही त्याच कागदावर, फिटरच्या सहीखाली, घेतली पाहिजे.