बरगे कोण घालणार?

सोर्स खुला म्हणजे तो सगळ्यांचा, आणि एकाने सोडला तर दुसरा उचलेल, तेव्हा चिंता नको, असं ठणकावून सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. केंद्र सरकारने 2015 साली ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण काढलं, तेव्हापासून तर या मंडळींना राजमान्यताच मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांची पंचाईत व्हायला हवी होती. वर्डप्रेसचं ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर चालणारं प्लगिन. ते सांभाळणाऱ्या डब्ल्यूपी इंजिन कंपनीशी वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांचं वाजलं, आणि 12 ऑक्टोबरला अधिकृत प्लगिन-यादीतली त्याची जागाच वर्डप्रेसने ताब्यात घेतली. नाव बदललं, ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ झालं, आणि त्या यादीवरून अपडेट घेणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर नव्या मालकाचा कोड जाऊन बसला. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर डब्ल्यूपी इंजिनला जागा परत मिळाली. लायसन्सकडे बोट दाखवून यात बेकायदा काय, असं विचारणारे होतेच. कोडपुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे. जीपीएल हे लायसन्स कुणालाही नक्कल करू देतं. पण नक्कल करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारावरची पाटी बदलून आत बसणं वेगळं. कोड सगळ्यांचा असला तरी अपडेट सोडायची किल्ली एकाच्याच खिशात असते.

कोल्हापूरकराला हे समजायला संगणक लागू नये. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या: कोल्हापूर पद्धतीचा हा बंधारा राज्यभर नकलला गेला, शेजारच्या कर्नाटकातही गेला, आणि नकलेबद्दल कोल्हापूरने कुणाकडे दमडी मागितली नाही. तरीही तो दरवर्षी नव्याने उभा करावा लागतो. पावसाळा सरला की बरगे घालायचे, गळती बुजवायची. जूनच्या आत ते काढायचे, नाहीतर पुराचा लोंढा अडून काठ खचतात. लोखंडी बरगे चोरीला जातात, लाकडी कुजतात. खांब उभे आणि बरगे नाहीत, असे बंधारे महाराष्ट्रात जागोजागी दिसतात. उद्घाटनाची कोनशिला खांबाला असते. बरग्याला कुणी हार घालत नाही. नवं फीचर लिहिणाऱ्याचं आणि जुन्या पीएचपीवर मोडलेली ओळ दुरुस्त करणाऱ्याचं नातं नेमकं हेच आहे.

इथे सामायिक साधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यापाशी थांबलंच पाहिजे. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामायिक कुरणाची राखरांगोळी अटळ ठरवली; ऑस्ट्रॉमबाईंनी 1990 च्या पुस्तकात स्पेन, स्वित्झर्लंड, फिलिपिन्स इथली शतकानुशतकं टिकलेली उदाहरणं त्यांच्यापुढे मांडली. फिलिपिन्समधल्या एका पाणीसंस्थेचा बांध पुरात पुन्हा पुन्हा वाहून जातो आणि सभासद तो पुन्हा पुन्हा बांधतात. ज्याचा जमिनीत जेवढा वाटा, तेवढे त्याचे श्रम. आमच्या उपसा संस्थांच्या सभासदांना हे परकं वाटणार नाही. मात्र ऑस्ट्रॉमबाईंची पहिली अट अशी, की सभासद कोण याची हद्द स्पष्ट हवी. ओपन सोर्सचा अभिमान नेमका हद्द नसण्याचा! तेव्हा ऑस्ट्रॉम इथे लागू नाहीत, असा आक्षेप येतो. तो मला अर्धाच पटतो. कोड वापरून संपत नाही, हे कबूल. संपतो तो कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरचा वेळ, आणि त्या वेळेला हद्द आहे. एकाच माणसाच्या संध्याकाळी हजारो फुकट्यांच्या तक्रारी शिरतात, तेव्हा पाणी त्या संध्याकाळचं उपसलं जातं.

मग जास्त हात बोलवा, असं उत्तर तयार असतं. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या प्रकरणाने त्याचीही परीक्षा घेतली. थकलेल्या एकट्या मेंटेनरला अनोळखी खात्यांनी दिरंगाईबद्दल टोचलं, ‘जिया टान’ नावाने कुणीतरी दोन वर्षं इमाने मदत केली, विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून शंका आली, नाहीतर जगभरचे सर्व्हर उघडे पडले असते. हात मोजून भागत नाही. कुठला हात कुणाचा, हे ओळखायलाही पुन्हा मेंटेनरचाच वेळ जातो.

आणि इथे मला मुलेनवेग यांच्या बाजूनेही थोडं बोलावं लागतं. त्यांची दांडगाई अक्षम्यच, पण डब्ल्यूपी इंजिन वर्डप्रेसवर गबर होऊन त्याच्या जोपासनेला आठवड्याला जेमतेम चाळीस तास देते, ही त्यांची तक्रार गैर नव्हती. चूक ही, की वसुलीला ते स्वतःच तलाठी आणि स्वतःच मामलेदार झाले. जर्मनीने 2022 मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभा केला. आपल्याकडे संकेतस्थळाच्या टेंडरात वार्षिक देखभालीची रक्कम असते, ती ठेकेदाराला मिळते, आणि ज्या प्लगिनवर अख्खं काम उभं आहे त्याच्या मेंटेनरचं नावही कागदावर येत नाही. जिल्हा बँका, साखर कारखाने, विद्यापीठं यांनी त्याच रकमेतला ठरावीक हिस्सा थेट तिकडे वळवावा, आणि त्या बदल्यात अपडेटची किल्ली कुणाकडे राहील हे ठरवताना मत मागावं. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला पैसे कशाला, असं ऑडिटर विचारेल. त्याला बरगे घालण्याच्या खर्चाची फाइल दाखवावी. ती तरी त्याने पूर्वी मंजूर केलेली असेल.