तहानेला कागद कशाला?

ज्याचें घर बेकायदेशीर, त्याची तहानही बेकायदेशीर काय? प्रश्न ऐकून वाचकांस हसूं येईल. परंतु मोठ्या शहरांत त्याचें उत्तर पुष्कळ वर्षें 'होय' असेंच दिलें जात होतें.

मुंबईचेंच पहा. तेथें १८६० सालीं विहार तलाव झाला, १८९२ सालीं तानसेचें पाणी आलें आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा धरण झालें. आज सात जलाशयांतून दररोज ३,८०० दशलक्ष लिटरांच्या आसपास पाणी शहराकडे येतें. तरी ठराविक तारखेनंतर उभारलेल्या झोपड्यांस नळ नाकारला जात असे. पुढें ती तारीख १ जानेवारी २००० ठरली. तेथील बाया पाणी विकत घेत, आणि गरिबाचा हंडा श्रीमंताच्या नळाहून महाग पडे. अखेर डिसेंबर २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पाणी हा जीवनाच्या हक्काचा भाग आहे. घर अनधिकृत असलें तरी तें नाकारतां येत नाहीं. २०२२ सालीं महापालिकेनें 'सर्वांसाठी पाणी' हें धोरण स्वीकारलें.

कोणी म्हणेल, अशानें अतिक्रमणास उत्तेजन मिळेल. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु जागेचा अपराध असेल, तर जागेविषयींच न्याय करावा. तुरुंगांतील खुन्यासही आपण पाणी देतों. त्यावरून त्याचा खून आपणांस मान्य आहे असें कोणी समजत नाहीं. शिवाय झोपडींत जन्मलेल्या लेंकरानें कोणता कायदा मोडला?

आपल्या वाडवडिलांस पाणवठ्यावर मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें गेलें, तें त्याच अन्यायाविरुद्ध. तेव्हां जात विचारीत, आतां कागद विचारतात.

आणि आपण? एका गांवीं ऊसतोडणीचीं कुटुंबें कोप्या घालून उतरलीं होतीं. त्यांतील एक बाई हापशीवर आली, तेव्हां आमच्याच मंडळींतील कोणी 'ही येथली नव्हे' म्हणून तिला रित्या हंड्यानें परत लाविलें. आम्ही जवळच उभे होतों, आणि गप्प राहिलों. पाणी थोडें होतें हें खरें. पण थोडें असतांनाच वांटून घेण्याची कसोटी लागते.

मुंबईच्या अधिकाऱ्यांचा न्याय करणें सोपें आहे. वाचकहो, आपल्या हापशीवर परकी बाई येईल, तेव्हां आधीं तिचा हंडा भरूं द्या. ती कोठली, हें मग विचारा.