वारा वाहतो कोणाच्या प्रेरणेने?

क्षितिजाला समांतर वाहणाऱ्या हवेला वारा म्हणतात. तिला गती कशाने मिळते, याचे एक उत्तर भूगोलात आहे, आणि दर्शनशास्त्रांनी त्याच प्रश्नाची वेगळ्या अंगाने चर्चा केली आहे.

भूगोलाचे उत्तर हवेच्या दाबातील फरकात आहे. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील चिरनेर गावाच्या पूर्वेला कर्नाळ्याचे डोंगर, पश्चिमेला खाडी आणि तिच्यापलीकडे अरबी समुद्र आहे. दिवसा जमीन पाण्याहून लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब घटतो आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, दाबाची बाजू पालटते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे समुद्राकडे वाहतात. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परतत.

मोठ्या प्रमाणावर हाच खेळ वर्षभरात चालतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस आणतात. हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे वारे येतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वारे आपल्या उजवीकडे वळतात. जॉर्ज हॅडली याने १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांची दिशा परिवलनाच्या आधारेच स्पष्ट केली. भूगोल वाऱ्यांचे वर्गीकरण असे करतो: व्यापारी, पश्चिमी आणि ध्रुवीय हे ग्रहीय वारे. मोसमी वारे हंगामी. खारे व मतलई स्थानिक. कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारे ते आवर्त. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ या शेवटच्या प्रकारातले.

प्राचीन ग्रंथांतील वर्गीकरणाची कसोटी वेगळी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात व्यास शुकाला आवह, प्रवह आदी सात वायू सांगतात आणि ढग, पाऊस, ग्रहगोल यांचे वहन त्यांच्याकडे सोपवतात. देहातला वायूही पाच प्रकारचा मानला जातो: प्राण, अपान, व्यान, उदान, समान. बाहेरचा वारा आणि आतला श्वास एकाच तत्त्वाचे, ही यामागची धारणा.

वाऱ्याला रूप नाही, मग तो आहे हे कळते कसे? वैशेषिक दर्शनाच्या मते स्पर्श, आवाज, हलक्या वस्तू तोलून धरणे आणि कंप या खुणांवरून त्याचे अनुमान होते. भाताच्या खळ्यावर या खुणा पाहायला मिळतात. वारा पडला की उफणणी थांबते. तो सुटला की सूप उंच धरून धान्य ओततात. भरलेला दाणा सरळ पायाशी पडतो, पोल आणि भुसा बाजूला उडतो. वारा दिसत नाही, पण भुशाच्या ढिगावरून त्याची दिशा सांगता येते.

त्याची गती कोणाची, यावर मात्र दर्शनांत मतभेद आहेत. भौतिकवादी लोकायतिक ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतात: आग जशी उष्ण, तसा वारा वाहता. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत अग्नीचे वर जाणे आणि वाऱ्याचे आडवे वाहणे ‘अदृष्टा’ने घडते असे म्हटले आहे. अदृष्ट म्हणजे धर्म-अधर्मातून उपजलेली न दिसणारी शक्ती. तिला हवेचा दाब समजण्याचा मोह टाळायला हवा. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य उद्दालक आरुणीला सांगतो, की वायूच्या आत राहून त्याचे नियमन करणारा अंतर्यामी आहे आणि वायूला त्याची जाणीव नाही. केनोपनिषदातला वायू यक्षाने पुढे ठेवलेली गवताची काडीही उडवू शकत नाही. त्याचे बळ उसने होते. मध्वाचार्यांनी वायूला जीवांमध्ये श्रेष्ठ मानले, तरी स्वतंत्र फक्त विष्णू, वायू परतंत्रच.

दाबाच्या फरकाने यातील एका मताला थेट धक्का बसतो. वाहणे हा हवेचा स्वभाव असता तर खळ्यावर वाऱ्याची वाट पाहावी लागली नसती. वाऱ्याची गती उसनी आहे, येथवर उपनिषद आणि हवामानशास्त्र यांचे जमते. पुढे वाटा फुटतात. हवामानशास्त्र ते ऋण सूर्याच्या उष्णतेपर्यंत नेते आणि थांबते; उपनिषदाला सूर्याचाही नियंता हवा असतो. पहिले उत्तर मोजमापाने तपासता येते. दुसरे निसर्गाच्या संपूर्ण नियमबद्धतेविषयी आहे, त्यामुळे दाबमापकाने ते सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.