सभेचे मौन

द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न केला, तेव्हा भीष्मांनी धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळला. कौरवांपैकीच असलेला विकर्ण मात्र उघड बोलला. शेजारच्या घरातला आक्रोश ऐकून ‘ती त्यांच्या घरची गोष्ट’ म्हणणारे आपण कोणाच्या पंक्तीस बसतो? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने पीडितेस राहत्या घरात वास्तव्याचा हक्क दिला आहे; सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्यास खबर देणाऱ्या त्रयस्थावर कसलेही दायित्व येत नाही. तेव्हा कायद्याच्या भीतीचे निमित्तही उरले नाही. उरते ती अब्रूची सबब. पण घराची अब्रू मारणाऱ्याच्या हातून जाते, सांगणारीच्या तोंडून नव्हे. आपल्या देवळांनाही सभामंडप आहेत. तेथे आलेल्या स्त्रीचे एकांतात ऐकावे, सोसण्याचा उपदेश करू नये, आधार द्यावा. निर्णय तिचाच असावा.